माळ्यावरचं : बाटलीचं वय

गेल्या वर्षी या सदरात अडकित्त्यांवर लिहिलं आणि मंडळाच्या कोजागिरीला तीन जणांनी आपापल्या आजीचे अडकित्ते पिशवीत घालून आणले. यंदा आधीच सांगून ठेवते, बाटल्या आणू नका. आणायच्याच असतील तर निदान वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणा.

आमच्या कुरुमच्या घरी आलेल्यांनी ती पाहिलीच असेल. दिवाणखान्याच्या खिडकीत मनीप्लांटशेजारी एक जाड, हिरवट काचेची गोटी सोड्याची बाटली उभी असते. पन्नाशीच्या पुढचा पाहुणा ती दिसली की नकळत अंगठा पुढे करतो. मुलं विचारतात, "ही रामुनेची आहे का?" कारण त्यांना गोटीची बाटली ठाऊक आहे ती सुपरमार्केटमधल्या जपानी पेयाची. त्यांचंही चुकत नाही म्हणा. कोबे शहरात अलेक्झांडर कॅमेरॉन सिम नावाच्या स्कॉटिश माणसाने 1884 मध्ये लेमनेड विकायला घेतलं, त्या लेमनेडचंच जपानी तोंडात रामुने झालं. बाटली मात्र त्याआधीची आणि इंग्लंडची.

आमची बाटली चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी इथे फोन हातात धरून बसले होते. 2007 च्या जूनमध्ये गोनू वादळात वादीचं पाणी कुरुममध्ये घुसलं, तेव्हा बाबा तिकडे असेच बसले होते, त्याची आठवण येत होती. पाणी ओसरल्यावर भावाने माजघर उपसलं. मागच्या पडवीत, चिखलाखाली, लाकडी पेटीचे अवशेष आणि काचांचा ढीग निघाला. त्यात ही एक बाटली अखंड होती. भाऊ म्हणाला, "टाकतो." मी म्हटलं, "टाकलीस तर बोलणार नाही तुझ्याशी." डिसेंबरात गेले आणि थालिपिठाच्या भाजणीच्या दोन पिशव्यांच्या मधे घालून ती मस्कतला आणली.

बाटलीवर देवनागरीत पणजोबांचं नाव आहे, काचेतच उठवलेलं. खाली 'सोडावॉटर फॅक्टरी, चिपळूण'. आमच्या घरात या बाटलीची कथा पाठ असते. पणजोबांनी लोकमान्यांचं भाषण ऐकलं, विलायती लेमनेड सोडलं आणि 1908 मध्ये स्वतःचा सोड्याचा कारखाना काढला. तळेगावला त्याच वर्षी पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, लोकांकडून एकेक पैसा जमवून. आमच्या बाटल्या तिथल्याच, असंही लहानपणी ऐकलेलं. कोकणात ज्याच्या पणजोबांनी टिळकांना पाहिलं नाही असं घर मला अजून भेटायचंय, पण कारखाना होता हे खरं. कागद आहेत.

मी वय काढायला बसले त्याला कारण झालं कुलवृत्तांत. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि माझा एक चुलतभाऊ त्या समितीवर आहे. त्याने बाटलीचा फोटो मागितला, खाली छापायला ओळही तयार ठेवली : 'कै. पणजोबांच्या कारखान्यातील बाटली, इ.स. 1908.' मी फोटो पाठवलाही. मग वाटलं, छापायच्या आधी एकदा बघू तरी.

काचेच्या बाटलीचं वय काढताना जवळपास सगळे एक चूक करतात. बाटलीचा प्रकार कधी निघाला ते शोधतात आणि तेच तिचं वय धरतात. मुंबईच्या चोर बाजारात मला एकाने अशीच बाटली दाखवून "एटीन सेव्हन्टी टू का पीस है" म्हणून ऐकवलं होतं. 1872 हे साल खरं आहे. लंडनच्या हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचं पेटंट त्या साली घेतलं. पण त्या हिशेबाने माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुया अश्मयुगातल्या ठरतील! कॉडची बाटली निघाली 1872 ला, आणि उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सासनीत ती आपल्या काळातही बनत आली आहे. म्हणजे नुसत्या आकारावरून कळतं एवढंच, की ही बाटली 1872 च्या आधीची नाही.

कॉडने सोडवलेला प्रश्न मात्र समजून घेण्यासारखा आहे. पाण्यात कोंडलेला वायू बाहेर पडायला धडपडत असतो. बूच कोरडं पडून आकसलं की तो निसटतो. म्हणून त्याआधीच्या काळात तळ अंड्यासारखा गोल असलेल्या बाटल्या निघाल्या होत्या. त्या उभ्या राहायच्याच नाहीत, आडव्याच ठेवाव्या लागायच्या, आणि त्यामुळे बूच आतून ओलं राहायचं. तशी एखादी कुणाच्या माळ्यावर असेल तर ती मात्र खरोखर जुनी असण्याची शक्यता आहे. कॉडने बूचच काढून टाकलं. मानेत आतून खाच, खाचेत रबराचं कडं, आणि बाटलीत काचेची गोटी. बाटली यंत्रात उलटी करून भरली की गोटी तोंडाशी येते आणि वायूच तिला कड्यावर दाबून धरतो. जो पळणार, त्यालाच दारावर बसवलं. मानेखालचे दोन चिमटे असतात ना, ते ओतताना गोटी अडवायला. ती बाजू खाली धरून ओतायचं. हे ज्याला माहीत नसायचं तो गावात नवखा ओळखला जायचा.

त्यानंतर 1892 मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचं दातेरी झाकण काढलं, ते आपलं नेहमीचं 'बिल्ला' म्हणतो ते. जगभर गोटी हळूहळू मागे पडली. आपल्याकडे टिकली, कारण गोटीच्या बाटलीला दर वेळी नवं झाकण लागत नाही. ज्याच्याकडे हाताने फिरवायचं यंत्र, गॅसची टाकी आणि विहिरीचं पाणी आहे त्याचा धंदा सुरू.

पुस्तकांत वय काढायचा एक लाडका नियम असतो, तो साच्याच्या सांध्याचा. दोन भागांच्या साच्यात काच ओतली की कडेला बारीक उभी रेघ उठते. ही रेघ मानेवर विरली असेल तर तोंड हाताने घडवलेलं, म्हणजे बाटली जुनी. थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर पूर्ण यंत्राची. मायकेल ओवेन्सचं बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र 1903 चं, त्यामुळे अमेरिकेतले संग्राहक साधारण 1910 च्या आसपास सीमा आखतात. मी भिंग घेतलं, खिडकीत गेले. रेघ मानेवर विरलेली! बाबांना लगेच फोन केला, "बाबा, गोष्ट खरी आहे. 1910 च्या आधीचीच निघाली." बाबा नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, रेंज नसेल.

पुढचे चार दिवस मी सगळ्यांना ते सांगत सुटले आणि पाचव्या दिवशी माझं मलाच उमगलं. गोटीच्या बाटलीत गोटी घालायला तोंड आधी मोठं ठेवावं लागतं. गोटी आत टाकली की तोंड परत तापवून, आतली खाच पाडून, अवजाराने आवळून घडवतात. त्यात रेघ पुसली जाणारच, मग साल 1900 असो की 1970. साध्या बाटलीचा नियम मी गोटीच्या बाटलीला लावला होता. काचेतले बुडबुडेही काही सांगत नाहीत, छोट्या भट्टीतली काच कधीही बुडबुड्यांची निघते. हिरवट रंगही नाही, तो वाळूतल्या लोखंडाचा. एक रंग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत काच पांढरी करायला मँगनीज घालत आणि तशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. इथल्या उन्हात तर लवकरच व्हावी. पण हल्ली किरणोत्सर्ग देऊन साध्या बाटल्याही जांभळ्या करून विकतात, तेव्हा गर्द जांभळी दिसली तर पाकीट आत ठेवा.

नावाचाही तसाच फसवा प्रकार. पालनजींच्या रासबेरीवर 1865 असतं, पुण्याच्या अर्देशिरांचा धंदा 1884 चा, मुंबईच्या ड्यूक्सचा 1889 चा. पण ही सालं दुकानाची. काल भरलेल्या बाटलीवरही तीच असतात. तेव्हा लेबल असेल तर मोठं साल सोडून बारीक अक्षरं वाचावीत. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती 15 ऑगस्ट 1972 नंतरची, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. नाव काचेवरच रंगाने छापून भाजलेलं असेल तर 1930 च्या दशकाच्या आधीची नाही. थम्स अप म्हणजे 1977 किंवा नंतर, त्या वर्षी कोका-कोलाने भारत सोडला आणि 1993 ला परत आलं. म्हणजे एकच कडक नियम : बाटलीवर जी सर्वांत उशिराची खूण सापडेल ती खरी. बाकीच्या खुणा कितीही जुन्या असोत.

हाच नियम मत्रहच्या सुकात लावून पाहिला. एका दुकानदाराकडे खंजर आणि चांदीच्या हसलींच्या मधे धुळकट बाटल्यांची टोपली असते. "ओल्ड, व्हेरी ओल्ड, रुपये के टाइम का," असं त्याने पेप्सीच्या एका अरबी अक्षरांच्या बाटलीबद्दल सांगितलं. इथे 1970 पर्यंत आपला आखाती रुपया चालायचा, तेव्हा त्याचं म्हणणं अशक्य नव्हतं. पण बाटलीवर ओमान रिफ्रेशमेंट कंपनीचं नाव होतं आणि ती कंपनी 1974 ची. मी तसं म्हटल्यावर तो हसला आणि अर्ध्या रियालने खाली आला. कोकच्या जुन्या आखाती बाटल्या मात्र शोधून सापडत नाहीत. अरब लीगने 1968 पासून 1991 पर्यंत त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्या काळात इकडे आलेल्या आपल्या मंडळींना 'कोल्ड्रिंक म्हणजे पेप्सी' का वाटतं, त्याचं मूळ तिथे आहे.

घरी आले आणि लक्षात आलं की सुकातल्या माणसाच्या बाटलीचा तळ मी उलटा करून पाहिला, स्वतःच्या बाटलीचा पाहिलाच नाही. पाहायचा कसा? पुराच्या चिखलाचा आणि त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या चुन्याचा थर तिथे सिमेंटसारखा बसला होता. घासायचं धाडस होईना. पातेल्यात दोन बोटं व्हिनेगर घालून बाटली त्यात रात्रभर उभी केली. सकाळी जुन्या टूथब्रशने हलकेच पुसलं. आधी एक शून्य दिसला, मग दुसरा. मग पूर्ण : 200 आणि पुढे इंग्रजीत एम एल.

मिलिलिटर! पणजोबांच्या काळात बाटल्या औंसांत होत्या. भारतात दशमान मापांचा कायदा झाला 1956 ला आणि ऑक्टोबर 1958 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. पणजोबा गेले 1952 ला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, 1958 च्या पावसाळ्यात विषमज्वराने गेले. बाटलीवर ज्यांचं नाव ते, आणि ज्यांनी पुढे कारखाना चालवला असं आम्ही समजत होतो ते, दोघंही ही बाटली घडली तेव्हा या जगात नव्हते.

मग ही मागवली कुणी?

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. व्हिडिओ कॉलवर त्यांना तळ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईने मागवल्या त्या."

आजी. जिला मी पाहिलं ते तुळशीपाशी, नऊवारीत, हातात वाती. 1994 ला गेली. मी तिला अनेकदा विचारलं होतं सोड्याच्या कारखान्याबद्दल. ती म्हणायची, "कारखाना मामंजींचा हो. मी आपल्या बाटल्या विसळल्या."

बाबांनी तासभर सांगितलं. आजोबा गेले तेव्हा आजी तेहेतीस वर्षांची, पदरात तीन मुलं, सगळ्यांत मोठे बाबा, बारा वर्षांचे. थोरल्या दिरांनी यंत्र विकायचं ठरवलं होतं. आजी म्हणाली, एक उन्हाळा बघू. पहाटे चारला विहिरीचं पाणी, मग चाकाचं यंत्र. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला एक गडी. तोंडावर पदर गुंडाळायची, कारण बाटली भरताना फुटली तर काच थेट डोळ्यांत. बाजारात ती स्वतः जायची नाही. शाळा सुटल्यावर बाबा हातगाडीवरून पेट्या पोचवायचे, वसुली करायचे आणि हिशेब आजीला वाचून दाखवायचे. गावात कुणी विचारलं तर सांगायचं, काका बघतात. काका बघत नव्हते.

बाटल्या दर वर्षी कमी होत. पोरं गोटीसाठी फोडत, गिऱ्हाइकं परत देत नसत. 1961 मध्ये आजीने पाटल्या गहाण टाकून कऱ्हाडच्या एका एजंटामार्फत नव्या मागवल्या. साचा नवा करावा लागणार होता, तेव्हा एजंटाने विचारलं, नाव कुणाचं घालू? तिने सासऱ्यांचं घालायला सांगितलं. दुकानदार ते नाव ओळखत होते, आणि बाईच्या नावाचा सोडा कोण पिणार? साल बाबांच्या पक्कं लक्षात आहे, कारण बाटल्यांचा ट्रक कुंभार्ली घाटात दरडीमुळे अडकला होता आणि तेव्हाच पुण्याला पानशेत फुटल्याची बातमी आली. बाबांचे मामा नारायण पेठेत राहत होते. आजी दोन दिवस एकदा भावाची काळजी करायची आणि एकदा ट्रकची. म्हणजे 1961 चा जुलै, 12 तारखेच्या आसपासचा.

पेट्या संपल्या त्याचीही तारीख आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पडवीत भरलेल्या बाटल्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. बाबा म्हणाले, "आधी जमीन हलली, मग बाटल्या फुटायला लागल्या. आम्हाला वाटलं घर कोसळतंय." उजाडल्यावर आजीने काचा झाडल्या, उरलेल्या बाटल्या एका पेटीत भरल्या आणि गड्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बाबा एकविसाचे, नुकतेच नोकरीला लागलेले. पाटल्या आदल्या वर्षी सुटल्या होत्या.

मी विचारलं, "तुम्ही हे कधी सांगितलं का नाहीत?"

"तिला आवडायचं नाही," बाबा म्हणाले. "काकांचं नाव राहावं म्हणून. आणि तू 1910 म्हणालीस तेव्हा इतकी खुशीत होतीस."

म्हणून ते "बरं"!

चुलतभावाला फोन केला. तो त्याच काकांचा नातू, तेव्हा जपूनच बोलले. त्याचं म्हणणं, पानं लागली आहेत, ओळ बदलणं जड जाईल. शिवाय 1908 चा मान जातो. मी म्हटलं, कारखाना 1908 चाच आहे, तो कुठे जातोय, बाटली फक्त त्रेपन्न वर्षांनी धाकटी आहे. जुन्या आवृत्तीत आजीच्या नावापुढे काय आहे ते मी उघडून पाहिलं. माहेरचं नाव, माहेरचं गाव, जन्मसाल. एक ओळ. पणजोबांवर अर्धं पान आहे, काकांवर सहा ओळी आणि त्यांत 'सोडावॉटरचा व्यवसाय नावारूपास आणला' असं छापलेलं आहे. चुलतभाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका-आजोबांच्या ओळी काढायला सांगू नकोस हं." मी म्हटलं, काढू नकोस, आजीच्या वाढव. त्याने समितीपुढे मांडतो म्हणून सांगितलं आहे. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे.

दरम्यान बाबांनी दोन गोष्टी मागवल्या आहेत. एक, तळाचा मोठा फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असा, समितीला द्यायला. दुसरी, रबराचं कडं. आमच्या बाटलीतलं कधीच कुजून गेलंय, गोटी नुसती खुळखुळते. बाबा म्हणतात रुवीत प्लंबिंगच्या दुकानात त्या मापाचं वॉशर मिळेल, जरा जाडच घे. डिसेंबरात बाटली चिपळूणला न्यायची आहे. तिकडे एक जण अजून हाताच्या यंत्रावर सोडा भरतो, त्याच्याशी बाबांचं बोलणं झालंय.